मदत हवी आहे: आईचा डिमेन्शिया अचानक वाढला आहे, नवीन इंजेक्शनबद्दल कोणाला माहिती आहे का?

सांजसावली
घाईत लिहितेय. आईला डिमेन्शिया आहे. आतापर्यंत निभत होतं, आता निभत नाही. दुपारचे चार वाजले की दाराशी जाऊन उभी राहते. "मला घरी जायचंय, आई वाट बघत असेल." तिची आई जाऊन तीस वर्षं झाली. रात्री झोपत नाही, कपाटं उपसते, बाबांकडे बोट दाखवून "हा माणूस कोण" असं मला विचारते. बाबा दोन रात्री खुर्चीत बसून होते.

लेकॅनेमॅब नावाचं इंजेक्शन आलं आहे, त्याने आजार थांबतो असं वाचलं. कोणाच्या घरी दिलं आहे का? किती दिवसांत फरक पडतो? धीर धरा एवढंच सांगायचं असेल तर कृपया लिहू नका, तो आता उरलेला नाही.

अनुस्वार
आईंचं वय किती? निदान कोणतं आणि कधी झालं? डिमेन्शिया हे एका आजाराचं नाव नाही. अल्झायमर, रक्तवाहिन्यांमुळे होणारा, ल्युई बॉडी, असे बरेच प्रकार आहेत. सध्या कोणती औषधं चालू आहेत? आणि हे सगळं कधीपासून?

चक्रधर
इंजेक्शनचं सांगतो. माझ्या पत्नीला अल्झायमर आहे, त्यामुळे मी हे नीट वाचून काढलं आहे. लेकॅनेमॅबला अमेरिकेत जुलै २०२३ मध्ये पूर्ण मान्यता मिळाली. ज्या चाचणीवर ती मिळाली त्यात १,७९५ रुग्ण होते आणि ती १८ महिने चालली. औषध घेणारे आणि न घेणारे, दोन्ही गट खालीच गेले. औषध घेणारे जरा सावकाश गेले, एवढाच फरक. १८ गुणांच्या मोजपट्टीवर तो ०.४५ गुणांचा होता. 'आजार २७ टक्क्यांनी मंदावला' ही बातमी याच फरकाची आहे. घरातल्या माणसांना तो जाणवेल का, यावर तज्ज्ञांचंच एकमत नाही.

चाचणीत औषध दर दोन आठवड्यांनी शिरेतून दिलं होतं. मधूनमधून एमआरआय करावा लागतो, कारण मेंदूला सूज येऊ शकते किंवा बारीक रक्तस्राव होऊ शकतो. चाचणीत सूज साधारण आठातल्या एकाला आली होती. बहुतेकांना त्रास जाणवला नाही, पण काहींना गंभीर झाला. मुख्य म्हणजे ते अगदी सुरुवातीच्या टप्प्यासाठी आहे. गेलेली आठवण त्याने परत येत नाही, आणि आजच्या रात्रीची झोप तर नाहीच नाही.

पायवाट
इंजेक्शनच्या मागे लागू नका ताई. माझ्या मावशींना आम्ही गिंकोच्या गोळ्या आणि रोज दोन तास शब्दकोडी असं सुरू केलं होतं. वर्षभर तब्येत जिथल्या तिथे होती. मेंदू वापरला नाही तर गंजतो. आईंना कोड्यांना बसवा.

चक्रधर
@पायवाट, गिंकोवर मोठी चाचणी झालेली आहे. ७५ वर्षांपुढच्या ३,०६९ जणांना गिंको किंवा औषध नसलेली नुसती गोळी देऊन कित्येक वर्षं पाहिलं. निष्कर्ष २००८ मध्ये आले, डिमेन्शिया टळला नाही. शिवाय रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर गिंकोने रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. विचारल्याशिवाय देऊ नये.

पायवाट
चाचणीत माझी मावशी नव्हती. आम्ही डोळ्यांनी पाहिलं ते खोटं कसं म्हणू?

चक्रधर
खोटं म्हणत नाही. अल्झायमरमध्ये एखादं वर्ष औषधाशिवायही स्थिर जातं, एवढंच म्हणतो. माझ्या पत्नीचं दुसरं वर्ष तसं गेलं. तेव्हा आम्ही काहीच वेगळं करत नव्हतो.

सांजसावली
वय ७४. अल्झायमरच सांगितला आहे, चार वर्षं झाली. त्यासाठी डोनेपेझिल चालू आहे, बाकी बीपीची वगैरे. कधीपासून म्हणजे आत्ताच, आठ-दहा दिवस झाले असतील. त्याआधी बाबांना ओळखायची, स्वतःचं स्वतः जेवायची. म्हणजे इंजेक्शनचा उपयोग नाही का? मग करायचं काय?

अनुस्वार
आठ-दहा दिवस? ताई, सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे. अल्झायमर महिन्यांनी, वर्षांनी उतरत जातो. बाबांना ओळखणारी बाई आठवड्याभरात ओळखेनाशी झाली तर तो अल्झायमर वाढला असं धरून बसायचं नाही. त्यावर काहीतरी दुसरं येऊन बसलंय. याला डिलिरियम म्हणतात, आणि कारण सापडलं तर बऱ्याचदा तो उतरतो.

मी वृद्धांच्या वॉर्डात परिचारिका होते. लघवीतला जंतुसंसर्ग, पाणी कमी पडणं, शौचाला न होणं, सांगता न येणारं दुखणं, छातीतला कफ, नवीन गोळी, यातलं काहीही कारण असू शकतं. या वयात संसर्ग असूनही बऱ्याचदा ताप नसतो, त्यामुळे ताप नाही म्हणून निर्धास्त राहू नका. उद्यावर न ढकलता डॉक्टरांना दाखवा. "डिमेन्शिया आहे, असं होणारच" असं ऐकवलं तर "आठ दिवसांत बदललं" हे वाक्य पुन्हा पुन्हा म्हणा. आणि हे सांगा: दिवसभर सारखीच असते की मधेच शुद्धीवर आल्यासारखी बोलते? शेवटचं शौचाला कधी झालं?

दूरस्थ
मला हा ल्युई बॉडी वाटतो. माझ्या वडिलांना तीन वर्षं अल्झायमर म्हणून औषध दिलं आणि निघालं हे. खोलीत लहान मुलं, प्राणी दिसतात का? झोपेत हातपाय झाडतात का? चालताना पावलं घासतात का? एक नक्की लक्षात ठेवा. रात्री शांत राहाव्यात म्हणून कोणी हॅलोपेरिडॉल देऊ केलं तर आधी हा प्रश्न विचारा. ल्युई बॉडीच्या रुग्णांना अशा औषधांची जबरदस्त रिअॅक्शन येऊ शकते. माझे वडील दोन डोसात लाकडासारखे ताठ झाले होते.

अनुस्वार
@दूरस्थ, वडिलांचं वाचून वाईट वाटलं, आणि औषधाबद्दलचा इशारा अगदी योग्य आहे. पण चार वर्षांचं निदान आठ दिवसांच्या वर्णनावरून बदलू नका. डिलिरियममध्येही भास होतात. आधी ते निस्तरूया.

दूरस्थ
आमच्याकडेही सगळे हेच म्हणत होते.

रुणझुण
तपासण्या होतील तेव्हा होतील, आज चार वाजता आई दाराशी उभी राहील त्याचं काय करायचं ते सांगते. "तुझी आई केव्हाच गेली" हे सांगू नका. मी माझ्या सासूबाईंना दोनदा सांगितलं. दोन्ही वेळा त्यांनी ती बातमी पहिल्यांदाच ऐकली. तसंच रडल्या. तिसऱ्यांदा माझी जीभ उचलली नाही.

"घरी जायचंय" म्हणजे पत्ता नसतो. जिथे भीती वाटत नव्हती तिथे जायचं असतं. मी विचारायचे, "आई काय करत असेल आता? तुमच्यासारखीच दिसायची का?" मग बोलता बोलता हात धरून घरातच एक फेरी. दहातल्या सहा वेळा पाय दारापासून सुटायचे. उरलेल्या चार वेळा खरंच बाहेर पडायचं, चार पावलं चालायचं आणि परत यायचं. अंधार पडायच्या आधीच दिवे लावा. सावल्यांनी जास्त घाबरतात.

पायवाट
हे मला पटत नाही. आपल्या आईशी खोटं बोलायचं? आम्ही मावशींना नेहमी खरं सांगायचो, भिंतीवर तारीख-वार लिहून ठेवायचो. एकदा खोटं सुरू केलं की शेवट कुठे?

रुणझुण
मी खोटं बोला म्हणत नाही. "आई येतेच आहे" असं मी एकदाही म्हटलं नाही. आईची आठवण येतेय हे खरं आहे ना? मी त्या खऱ्याशी बोलते. सुरुवातीला भिंतीवरची तारीख आमच्याही उपयोगाची होती. पुढे त्या तारीख वाचायच्या आणि घाबरायच्या, की एवढी वर्षं गेली कुठे.

चक्रधर
रुणझुण यांना अनुमोदन. पण पायवाट यांचा प्रश्नही टाकाऊ नाही. पत्नीने एकदा स्पष्ट नजरेने विचारलं, "मला काय झालंय?" तेव्हा मी विषय बदलला. आज वाटतं, त्या दिवशी सांगायला हवं होतं. ती ऐकायला तयार होती, तयार नव्हतो तो मी.

खलबत्ता
मी फार्मासिस्ट आहे. धागाकर्तीला एकच विचारतो. 'बाकी बीपीची वगैरे' यातलं वगैरे म्हणजे काय? गोळ्यांची पाकिटं समोर घ्या आणि प्रत्येकावरचं नाव लिहा, सर्दीची, झोपेची, खाजेची, सगळी. डोनेपेझिलचा डोस किती आणि अलीकडे बदलला का?

नवापान
जरा अवांतर विचारू का? माझं वय ४६. माझ्या वडिलांना अल्झायमर होता. हल्ली मला माणसांची नावं पटकन आठवत नाहीत. अल्झायमरच्या धोक्याशी जोडलेल्या त्या एपीओई जनुकाची तपासणी करून घ्यावी का?

चक्रधर
@नवापान, तपासणीआधी जनुकीय समुपदेशकाशी बोला. एपीओई-४ हा त्या जनुकाचा धोका वाढवणारा प्रकार. तो असला म्हणजे आजार होणारच असं नाही, आणि नसला म्हणजे सुटलो असंही नाही. उत्तर कळल्यावर ते पुसता येत नाही. त्यापेक्षा जे हातात आहे ते बघा. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये डिमेन्शियाचा धोका वाढवणारी, पण बदलता येण्याजोगी १४ कारणं मांडली. त्यात मध्यम वयातला रक्तदाब, मधुमेह, कमी ऐकू येणं, धूम्रपान, वाईट कोलेस्टेरॉल ही आहेत. कान तपासून घेतलेत का? नाव मागाहून आठवतं ना? तेवढ्यावरून घाबरू नका, पण काळजी वाटतेय तर डॉक्टरांना सांगा.

अनुस्वार
हे वेगळ्या धाग्यावर घ्या ना. इथे एक बाई आठ रात्री जागी आहे.

सांजसावली
सगळी पाकिटं काढली. डोनेपेझिल आधी ५ मिलिग्रॅम होतं, सहा आठवड्यांपूर्वी १० केलं. बीपीची अॅम्लोडिपिन, जुनीच. कॅल्शियम. आणि ऑक्सिब्युटिनिन, दिवसातून दोनदा, सुरू करून बारा दिवस झाले. मधे तिला लघवी धरवत नव्हती, रोज कपडे बदलावे लागत होते, म्हणून दुसऱ्या डॉक्टरांनी दिली. लघवीची गोळी आहे, मेंदूशी काय संबंध, म्हणून आधी लिहिली नव्हती. शौचाला पाच दिवस झालेलं नाही, हे बाबांना विचारल्यावर कळलं. मधेमधे अगदी नीट बोलते, मग परत तसंच.

खलबत्ता
संबंध आहे, आणि थेट आहे. मेंदूत अॅसिटिलकोलीन नावाचं रसायन असतं, अल्झायमरमध्ये ते कमी पडतं. डोनेपेझिल ते मोडू देत नाही, म्हणून थोडं जास्त टिकतं. पण तेच रसायन मूत्राशयाला आकुंचन पावायलाही सांगतं. डोस १० झाल्यावर लघवी धरवेनाशी होणं हा डोनेपेझिलचाच परिणाम असू शकतो. मग त्यावर दिलेलं ऑक्सिब्युटिनिन अॅसिटिलकोलीनचा रस्ता अडवतं, मूत्राशयातही आणि मेंदूतही. एक गोळी दोर इकडे ओढते, दुसरी तिकडे. गोंधळ, भास, बद्धकोष्ठ, हे सगळं दुसऱ्या गोळीच्या नावावर नोंदलेलं आहे.

हे इतकं घडतं की २००५ साली कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतातल्या चाळीस हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदींवरून यावर अभ्यास झाला. डोनेपेझिलसारखी औषधं घेणाऱ्यांना पुढे लघवीची ही औषधं सुरू होण्याचं प्रमाण जास्त आढळलं. एका औषधाचा परिणाम नवा आजार समजला जातो आणि त्यावर दुसरं औषध येतं.

दोन्ही डॉक्टरांना दोन्ही गोळ्यांची नावं आजच फोन करून सांगा. ऑक्सिब्युटिनिनचा पुढचा डोस द्यायचा का, हे त्या फोनवरच विचारा. डोनेपेझिल मात्र स्वतःहून बंद करू नका. आणि लघवी होतेय ना ते बघा. या गोळीने ती तुंबूही शकते, आणि तुंबलेल्या मूत्राशयानेही माणूस असाच बेचैन होतो.

अनुस्वार
खलबत्तांशी शंभर टक्के सहमत. तरी लघवीची तपासणी कराच. एक कारण सापडलं म्हणून दुसरं नसतं असं नाही.

दूरस्थ
माझं म्हणणं मागे घेतो. पण भास राहिले तर मेंदूच्या डॉक्टरांना माझे तीन प्रश्न नक्की विचारा.

सांजसावली
सहा दिवसांनी लिहितेय, माफ करा. ऑक्सिब्युटिनिन त्याच दिवशी बंद करायला सांगितलं. डोनेपेझिल परत ५ वर आणलं. लघवीत जंतू नव्हते, पण पोट खूप भरलेलं होतं, त्यावर औषध दिलं. पहिल्या दोन रात्री तशाच गेल्या आणि मला वाटलं की तुम्ही सगळे चुकलात. तिसऱ्या रात्री चार तास झोपली. काल सहा. बाबांना कधी ओळखते, कधी नाही. चारला अजून दाराशी जाते. मी रुणझुण यांच्यासारखं विचारलं, "तुझी आई कशी दिसायची?" तर अर्धा तास सांगत बसली. यातलं निम्मं मला माहीतच नव्हतं.

इंजेक्शनचं डॉक्टरांना विचारलं. चार वर्षांनंतर ते लागू नाही म्हणाले. आता लघवीचा प्रश्न तसाच आहे. गोळी तर नको, मग काय?

अनुस्वार
डोस कमी झालाय, त्याने थोडा फरक पडेल. बाकी घड्याळ लावून दर दोन तासांनी न्यायचं, लागली आहे का असं विचारत न बसता. "चल, जाऊन येऊ" म्हणायचं. उठायला-बसायला सोपे कपडे घाला, संडासाचं दार उघडं ठेवा म्हणजे आतलं दिसेल.

सांजसावली
रात्रीही दोन तासांनी उठवायचं का?

अनुस्वार
नाही. झोपली असेल तर झोपू दे. झोपायच्या आधी एकदा न्या, खाली पॅड ठेवा, वाटेत मंद दिवा लावा. आणि आज रात्री बाबांना दुसऱ्या खोलीत झोपवा.