ब्रेकअपनंतर प्रॅक्टिकलची बॅच बदलायची आहे, खासगी कारण न सांगता कशी?

हॉस्टेलवर समुपदेशन करते. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाच्या मुलाबद्दल विचारतेय (वय १९, त्याची परवानगी आहे). पीएचक्यू-९ या नैराश्य मोजणाऱ्या प्रश्नावलीवर २७ पैकी १३. नवव्या, म्हणजे जीव नकोसा वाटण्याच्या प्रश्नाला शून्य. नुसत्या कागदावर भागत नाही, म्हणून तोंडीही स्पष्ट विचारलं. तसे विचार नाहीत. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर त्याच्याकडे आणि रूममेटकडेही आहे.

इन्स्टावर तिला म्यूट केलंय, जुने चॅट अर्काइव्ह केलेत, मेसला तो एकटा जात नाही. झोप बरीच सुधारली. पण प्रॅक्टिकलला दोघं एकाच टेबलावर. आदल्या रात्री डोळा लागत नाही, सकाळी प्रॅक्टिकल बुडतं, टर्मवर्कचे मार्क जातात. सावरलेलं सगळं तिथे विस्कटतं. घरी पाठवा असं कृपया सुचवू नका. रिकामा वेळ मिळाला की तो तिचं प्रोफाइल उघडून बसतो.

बॅच त्याचीच बदलायची, तिला त्याची झळ नको. एचओडींना (विभागप्रमुखांना) द्यायच्या अर्जात 'आरोग्याचं कारण' एवढंच लिहून चालतं, की डॉक्टरांचं प्रमाणपत्र मागतात? आणि सत्राच्या मध्यात बदललं तर जर्नलवरच्या आधीच्या सह्या नवे सर धरतात का?