पीटर जॅक्सनचा ‘किंग काँग’ मूळ चित्रपटापेक्षा सरस आहे

रानवाटा (चंद्रपूर):
१९३३ चा ‘किंग काँग’ पुन्हा पाहिला. विलिस ओब्रायनने छोट्या पुतळ्या एकेका चौकटीगणिक हलवून काँग हा महाकाय गोरिला जिवंत केला, ती कमाल आजही तशीच आहे. पण त्यात काँगच्या तावडीत सापडलेली नायिका ॲन शेवटपर्यंत किंचाळतच राहते. २००५ मध्ये जॅक्सनने तीन तास सात मिनिटं घेतली आणि त्या दोघांचं नातंच बदललं. काँग साकारणाऱ्या अँडी सर्किसने रवांडात जाऊन गोरिला पाहिले होते, ते काँगच्या नजरेत उतरलंय. न्यूयॉर्कमध्ये बर्फावर दोघं घसरतात तेव्हा तो आपला वाटू लागतो. माझ्या मते नवाच सरस.

धानकरी (ब्रह्मपुरी):
भाऊ, मले नाही पटत. जुन्यात काँग भिंतीचं फाटक तोडून बेटावरच्या गावात शिरते, घरं पाडते, माणसं तुडवते. नव्यात फाटक तुटते तवा गाव कुठी गेलं? समोर फक्त जहाजावरचे लोक! गावकऱ्यायचं मरण दाखवलं असतं तर काँगसाठी कोण रडलं असतं? आमच्याकडे मोहफुलं वेचाले गेलेली बाई वाघाच्या तावडीत सापडते. चर्चा वाघाची होते, तिचं नावही कोणाले माहीत नसते.

रानवाटा:
दादा, जुन्यात तरी ते गावकरी माणसं म्हणून आहेत कुठे? नाचतात, बळी देतात, ॲनच्या बदल्यात सहा बायका देऊ करतात. तुडवले जातात तेही प्रेक्षकाच्या थरारासाठीच.

पांढरकवड्याचा:
२ नोव्हेंबर २०१८ ला अवनी वाघीण मारली. १३ माणसांच्या मृत्यूशी तिचं नाव जोडलं होतं. शहरांत निषेध झाले, इकडच्या गावांत लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. मला तिच्या दोन बछड्यांचंही वाईट वाटलं आणि त्या घरांचंही. पण तुम्ही दोघं काँगला न्यूयॉर्कला आणणाऱ्या सिनेमावाल्या डेनहॅमला सोडून देताय. काँगला तिकीट लावून साखळदंडात उभा केला तो त्याने, आणि दोन्ही चित्रपटांत शेवटी ‘सौंदर्यानेच त्याला मारलं’ म्हणत दोष सौंदर्यावर ढकलून मोकळा झाला. गावाने तर काँगला भिंतीपलीकडेच ठेवलं होतं.

धानकरी:
हे बरोबर बोलले. रानवाटा भाऊचंही खरं हाय, नव्यात तर गावकरी आणखीच भेसूर केले. तरी माहं म्हणणं तेच. ते लोक ती भिंत राखून पिढ्यानपिढ्या जगले. रात्री तिच्यावर जागलीले कोण बसत होतं, हे दाखवणारा काँग मले पायजे. तवर मी जुन्याच्याच बाजूनं.