आईचा विसराळूपणा: वय, उपास की शुगरची गोळी?

वारणाकाठ
नमस्कार मंडळी. आई ७६ वर्षांची, इस्लामपूरला एकटी राहते. मी पुण्यात, भाऊ सांगलीत. मधुमेह वीसेक वर्षांचा. सकाळच्या गोळीत ग्लिमेपिराइड २ मिग्रॅ आणि मेटफॉर्मिन १ ग्रॅम, रात्री नुसतं मेटफॉर्मिन. मागच्या महिन्यात एचबीए१सी (तीनेक महिन्यांच्या सरासरी साखरेची चाचणी) ६.२ आलं, म्हणून घरात सगळे खूश होते.

परवा शेजारच्या काकूंचा फोन आला. भर दुपारी आई दारात उभी राहून त्यांनाच माझ्या मावशीच्या नावाने हाका मारत होती. आत कुकर लावलेला, पण डाळ घातलेलीच नव्हती. संध्याकाळी मी बोलले तर अगदी ठणठणीत; भावकीतल्या लग्नात कोणी काय आहेर केला ते सगळं तोंडपाठ. सोमवार, संकष्टी आणि दोन्ही एकादश्या ती धरते. अंडंसुद्धा चालत नाही. आता श्रावण तोंडावर आलाय. भाऊ म्हणतो वय झालं, ब्राह्मीच्या गोळ्या सुरू करू. ही स्मृतिभ्रंशाची सुरुवात असेल का? मेंदूसाठी म्हणून जेवणात काय बदलावं?

देवगडचा_बाळ
ताई, आमचे बाबा रोज भिजवलेले बदाम आणि अक्रोड खातात, त्याने नुकसान काही नाही. पण न्यूरॉलॉजिस्टना दाखवा आणि एमआरआय करून घ्या. उशीर नको.

मिरजकर_काकू
ताई, एमआरआय नंतर. आधी ग्लुकोमीटर.

मी मिरजेत मेडिकलच्या काउंटरमागे आयुष्य काढलंय आणि अशा कितीतरी आया-आज्यांच्या चिठ्ठ्या हातातून गेल्यात, म्हणून जरा सविस्तर लिहिते. दुपारी भ्रम आणि संध्याकाळी ठणठणीत, हे तुमच्या लिहिण्यातलं सगळ्यात महत्त्वाचं आहे. स्मृतिभ्रंशाच्या सुरुवातीला माणूस सहसा असा तासातासाला बदलत नाही. साखर उतरली की बदलतो.

ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाकडून इन्सुलिन सोडवून घेतं, पोटात अन्न असो वा नसो. मेटफॉर्मिन एकटं असेल तर साखर सहसा एवढी खाली नेत नाही. म्हणजे उपासाच्या दिवशी सकाळी गोळी, वर बिनसाखरेचा चहा, आणि फराळ थेट दीड-दोनला. त्यात वयाने मूत्रपिंडं मंदावली असतील तर गोळीचा अंमल आणखी लांबतो. तरुण माणसाला घाम सुटतो, हातपाय थरथरतात, भूक खवळते. म्हाताऱ्या माणसात यातलं काहीच न होता थेट गोंधळ दिसू शकतो. रक्तदाबासाठी मेटोप्रोलोल किंवा अ‍ॅटेनोलोल चालू असेल तर थरथर आणि धडधड आणखीच झाकली जाते. पाकिटाच्या मागची बारीक अक्षरं वाचून ते बघा.

६.२ वर खूश होऊ नका, असं मी कळकळीने सांगते. एचबीए१सी ही सरासरी आहे. साबुदाण्याने २५० ला गेलेली साखर आणि दुपारी ६० ला आलेली साखर मिळून आकडा सुरेखच दिसतो. अमेरिकन डायबिटीस असोसिएशनच्या मार्गदर्शनात चांगल्या प्रकृतीच्या वृद्धांसाठी ७ ते ७.५ च्या खाली पुरेसं मानतात. अनेक आजार किंवा स्मृतीची तक्रार असेल तर ८ च्या खाली. अमेरिका आणि कॅनडात ‘अ‍ॅकॉर्ड’ नावाची मोठी चाचणी झाली होती. एचबीए१सी ६ च्या खाली नेण्यासाठी कडक औषधं दिलेल्या गटात मृत्यू जास्त झाले, म्हणून २००८ मध्ये ते उपचार थांबवले. त्यांची स्मरणशक्तीही इतरांपेक्षा चांगली राहिली नव्हती. उलट साखर वारंवार फार खाली जाणं मेंदूला मानवत नाही.

भावाला सांगा, उपासाच्या एका दिवशी तिथे थांबून फराळाआधी, दुपारी चारला आणि पहाटे तीनला बोटातून साखर बघायची. ७० च्या खाली आली तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायची, मग काहीतरी खायला द्यायचं. आई गुंगीत असेल, गिळत नसेल तर तोंडात काही घालू नका, सरळ दवाखाना गाठा. आकडे वेळेसकट वहीत लिहून डॉक्टरांना दाखवा. गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका, साखर उलट्या बाजूला धावेल.

आणि रक्तातलं व्हिटॅमिन बी१२ तपासाच.

ऑरेंजसिटी
काकूंच्या शेवटच्या ओळीला माझं अनुमोदन. आमचे बाबा नागपुरात, तेही शाकाहारी आणि मेटफॉर्मिनवर बरीच वर्षं. ही गोळी आतड्यातून बी१२ शोषलं जाणं कमी करते. पायांना मुंग्या यायच्या, चप्पल पायातून निसटली तरी कळायचं नाही, किराण्याचा हिशोब चुकायचा. आम्ही सगळं शुगरवर ढकलत होतो. इंजेक्शनांनी हिशोब बराच सुधारला, पायांचा बधिरपणा मात्र पूर्ण गेला नाही. लवकर तपासलेलं बरं.

वारणाकाठ
काकू, भाऊ एकादशीला तिकडे राहिला. फराळाआधी ६४, चारला १८८. बी१२ आलं १४८, लॅबच्या कागदावर २०० च्या खाली कमी असं छापलंय. डॉक्टरांनी वही बघून ग्लिमेपिराइड बंद केलं, दुसरी गोळी दिली आणि बी१२ ची इंजेक्शनं लिहून दिली. पण आई उपास सोडायला तयार नाही. म्हणते, इतक्या वर्षांत पांडुरंगाने कधी उपाशी ठेवलं नाही. तिचं मन मोडवत नाही हो. आणि मेंदूसाठीच्या आहाराचं काय?

मिरजकर_काकू
मोडूही नका. या वयात नेम सुटला तर माणूस आतून खचतं. उपास राहू दे, उपाशी राहणं नको. उपासाच्या दिवशी कोणती गोळी कधी घ्यायची ते डॉक्टरांकडून आधीच कागदावर लिहून घ्या आणि फ्रिजवर लावा. सकाळी नऊच्या आत दूध आणि मूठभर भाजलेले शेंगदाणे. दुपारी राजगिऱ्याची भाकरी, दह्यातली काकडीची कोशिंबीर, शेंगदाण्याची आमटी. साबुदाणा आणि बटाटा चवीपुरता. भगरसुद्धा वाटीभरच, कारण तीही पिष्टच.

मेंदूचा म्हणून वेगळा पदार्थ शोधत बसू नका. मेंदूसाठी म्हणून आखलेल्या ‘माइंड’ नावाच्या आहाराची तीन वर्षांची चाचणी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली, तिच्यात स्मरणशक्तीत तुलनेच्या गटापेक्षा ठळक फरक दिसला नाही. फिनलंडमध्ये मात्र ६० ते ७७ वयाच्या १,२६० जणांना आहार, व्यायाम, बुद्धीला काम आणि रक्तदाब-साखरेवर लक्ष असं सगळं एकत्र दिलं, तिथे दोन वर्षांत फायदा दिसला. आईंना रोज संध्याकाळी देवळापर्यंत चालवा. एकटीसाठी कोण करतं म्हणून रात्री चहा-बिस्किटांवर भागत असेल तर ते आधी बंद करा. भाकरी आणि मुगाची उसळ झाली तरी पुरे.

ब्राह्मीच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत. आणि एक विचारायचं राहिलं: तळपायाची आग होते म्हणून रात्री अ‍ॅमिट्रिप्टिलीन देता का? किंवा सर्दीची, झोपेची गोळी अधूनमधून घेतात का? या वयात त्यांनीही गोंधळ वाढतो. घरातल्या सगळ्या पट्ट्या, अगदी शेजारणीने दिलेल्यासुद्धा, एका पिशवीत घालून पुढच्या खेपेला डॉक्टरांसमोर ठेवा. क्रिएटिनिनचा (मूत्रपिंडं कशी चालतात ते दाखवणारा) ताजा रिपोर्टही घेऊन जा, मेटफॉर्मिनची मात्रा त्यावरून ठरते.