घरभर गाणं: वायफाय स्पीकर घ्यावेत की भिंतीत वायर टाकावी?

पहाटराग
आमच्या फ्लॅटचं काम चालू आहे. इलेक्ट्रिशियन दादा काल विचारत होते, "ताई, भिंती फोडल्याच आहेत तर स्पीकरची वायरही टाकून घेऊ का?" मी नको म्हटलं. माझ्या मते आता वायफायवरचेच स्पीकर घ्यावेत. हॉल, स्वयंपाकघर आणि आईची खोली, तीन ठिकाणी तीन.
आईला सकाळी साडेसहाला भक्तिगीतं लागतात. ट्रान्झिस्टर एका हातात, दुसऱ्या हातात दुधाचं पातेलं, असं तिचं खोल्या बदलणं चालतं. दाराच्या कडीत अडकून अँटेना दोनदा तुटली. तिला हात मोकळे ठेवून गाणं ऐकता यावं, एवढंच हवंय.

तांब्याची तार
ताई, दादांना आजच फोन करा आणि हो म्हणा. उघडी भिंत पुन्हा पंधरा वर्षं मिळत नाही.
वायरलेस म्हणता, पण प्रत्येक स्पीकरला प्लग लागतोच. ओट्यावर मिक्सर आहे, इंडक्शन आहे, त्यात आणखी एक अ‍ॅडाप्टर.
आणि टिकण्याचं काय? आमच्या घरातली स्पीकरची वायर 1994 ची आहे. अँप्लिफायर तीनदा बदलला, वायर तीच. अ‍ॅपवरची वस्तू कंपनीच्या मर्जीवर चालते. या धंद्यातली नावाजलेली कंपनी म्हणजे अमेरिकेची सोनोस. तिने मे 2020 पासून काही जुन्या मॉडेलना नव्या सोयी देणं थांबवलं. मे 2024 मध्ये अ‍ॅप नव्याने आणलं, तर त्यात साधा स्लीप टायमरही नव्हता. गिऱ्हाइकं इतकी चिडली की जानेवारी 2025 मध्ये सीईओ पायउतार झाले. चांगले चालणारे स्पीकर एका अपडेटने अडून बसतात, हे मला पटत नाही.

अकरा महिने
दादा, तुमचा सल्ला स्वतःचं घर असणाऱ्यांना ठीक. आम्ही भाड्याने राहतो, खिळा ठोकायलाही मालकांना विचारावं लागतं. तीन वर्षांत दोन घरं बदलली, स्पीकर पांघरुणात गुंडाळून सोबत आले. तुमची वायर आली असती का?

तांब्याची तार
भाड्याच्या घराचं मान्य. ताईंचं घर स्वतःचं आहे, मी त्यांना सांगतोय.

सुरेल कान
ताईंच्या बाजूने बोलतो, पण एका अटीवर. स्वस्तात होतं म्हणून ब्लूटूथचे तीन डबे आणू नका. ब्लूटूथमध्ये गाणं फोनमधून जातं. फोन घेऊन तुम्ही जिन्यात गेलात की आईचं गाणं तुटणार, कॉल आला की थांबणार. वायफाय स्पीकरवर गाणं कास्ट केलं, म्हणजे फोनवरून त्याच्याकडे सोपवलं, तर तो ते थेट इंटरनेटवरून घेतो, फोन नुसता रिमोट उरतो. शिवाय ग्रुप केलेले स्पीकर घड्याळ जुळवून एकत्र वाजतात. त्यासाठी तिन्ही एकाच पद्धतीचे घ्या. एक अ‍ॅपलच्या एअरप्लेवर चालणारा, दुसरा गूगलच्या कास्टवर, अशी मोट बांधू नका.
आता पॅसेजचा अनुभव. आमच्या पॅसेजमध्ये उभं राहिलं की तानेचं शेवटचं टोक दोनदा ऐकू यायचं. मी दोन रविवार राउटरला दोष देत बसलो. मग मोजपट्टी काढली. आवाज हवेतून सेकंदाला साधारण 343 मीटर जातो, म्हणजे दहा मीटर लांबचा स्पीकर जवळच असलेल्या स्पीकरपेक्षा जवळपास 30 मिलिसेकंद उशिरा ऐकू येतो. तबल्याच्या थापेला एवढा फरक कानाला कळतो. लांबचा आवाज कमी केला, प्रश्न मिटला. तारदादा, तुमच्या वायरनेही हे टळलं नसतं.

तांब्याची तार
हा मुद्दा बिनतोड आहे, मी तो विचारात घेतला नव्हता. पण आरसीसीच्या भिंतीतून पाच गिगाहर्ट्झचं वायफाय किती पोचतं ते आधी बघा. आमच्याकडे राउटर टीव्हीमागे आहे, शेवटच्या खोलीत व्हिडिओ कॉलही टिकत नाही. तिथे गाणं अडखळणारच.

सुरेल कान
ते खरं. 2.4 गिगाहर्ट्झचं वायफाय जास्त लांब पोचतं, पण बिल्डिंगमधली सगळी घरं त्यावरच गर्दी करतात. म्हणून ताई, स्पीकरची वायर नाही टाकलीत तरी चालेल, प्रत्येक खोलीत लॅन केबल, म्हणजे राउटरपासून येणारी इंटरनेटची वायर, मात्र टाकाच. शेवटच्या खोलीत त्यावर वायफायचा दुसरा पॉइंट लावा.

पहाटराग
हे पटलं. स्पीकर वायफायचेच घेणार, पण तिन्ही खोल्यांत कॅट सिक्स लॅन केबल टाकून घेते. दादा उद्या नऊला येतायत. लाइटच्या पाइपात जागा आहे म्हणाले, त्यातूनच ओढू का?

तांब्याची तार
अजिबात नको! लॅनला वेगळा पाइप घ्या आणि लाइटच्या पाइपापासून जरा लांब ठेवा. पाइपात ओढदोरी सोडून ठेवायला सांगा, पुढे केबल बदलताना भिंत फोडावी लागणार नाही. आणि प्लास्टर करण्याआधी भिंतींचे फोटो काढून ठेवा.