आधी ग्राफिक्स कार्डाचं ठरवा
गेमिंगचा पीसी जुळवताना प्रोसेसर कोणता घ्यावा, इंटेलचा आय-५ १२४००एफ की एएमडीचा रायझन ५ ५६००, यावर बराच काथ्याकूट होतो. दोन्ही सहा कोअर, बारा थ्रेडचे. १०८०पीवर (फुल एचडी) खेळताना डोळ्याला फरक कळायचा नाही. घरात एएम४चा (५६०० ज्या सॉकेटात बसतो त्याचा) मदरबोर्ड पडून असेल तर ५६०० घ्या आणि मोकळे व्हा. (बायोस, म्हणजे बोर्डातलं पीसी सुरू करणारं सॉफ्टवेअर, आधी अपडेट करा, नाहीतर स्क्रीन काळीच राहायची.)

खरा पैसा कार्डात जातो. एनव्हिडियाचं आरटीएक्स ४०६० जेमतेम ११५ वॅट खातं, डीएलएसएस (एआयच्या मदतीने गेम जास्त वेगात चालवणारी सोय) आहे, ब्लेंडर हे थ्रीडी सॉफ्टवेअर वापरत असाल तर डोळे झाकून तेच. पण मेमरी ८ जीबी. नव्या गेममध्ये टेक्स्चर (भिंती, जमिनीवरची बारीक चित्रं) अल्ट्रावर नेलं की मेमरी भरते, वळताना चित्र अडखळतं, भिंती क्षणभर चिखलासारख्या दिसतात. एएमडीच्या आरएक्स ६७०० एक्सटी कार्डाला १२ जीबी आहे, मात्र ते २३० वॅट ओढतं. ४५० वॅटच्या जुन्या पॉवर सप्लायवर तो जुगार नको. पॉवर सप्लाय दमदार असेल आणि नुसतं खेळायचंच असेल तर मी ६७०० एक्सटीच घेईन.

एक कुणी बोलत नाही: या दोन्ही प्रोसेसरांत ग्राफिक्स नाही, म्हणजे कार्ड नसेल तर स्क्रीनवर काहीच दिसत नाही. माझं कार्ड वॉरंटीत दुरुस्तीला गेलं तेव्हा तीन आठवडे पीसीवर टॉवेल टाकून ठेवला होता. शेवटी मित्राचं जुनं जीटी ७१० कार्ड मागून आणलं.