शब्दचर्चा : ‘विलंबसहिष्णु’ की ‘विलंबसहनशील’?

प्रश्न : सोलापुरात संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी मराठीतून टिपणे तयार करत आहे. जोडणी अधूनमधूनच मिळते आणि संदेश पोचायला कित्येक तास लागले तरी चालते, अशा ‘डिले टॉलरंट नेटवर्क’ला ‘विलंबसहिष्णु जाळे’ म्हणावे काय? ‘राउटिंग’साठी ‘मार्गनिर्धारण’ येथे चालेल काय?

उत्तर : ‘सहिष्णु’ हा शब्द मराठीत मुख्यतः माणसाच्या वृत्तीविषयी येतो (परमतसहिष्णु), त्यामुळे यंत्रणेला लावला की खटकतो. आपल्या जिल्ह्यात रब्बी ज्वारीचे वाण ‘अवर्षणास सहनशील’ म्हणून ओळखले जातात. त्याच वळणाने ‘विलंबसहनशील’ सहज रुळेल.

खरी अडचण ‘मार्गनिर्धारणा’ची आहे. नेहमीच्या इंटरनेटवर पाठवणाऱ्यापासून घेणाऱ्यापर्यंतचा सगळा मार्ग त्या घडीला उपलब्ध आहे, असे गृहीत धरलेले असते. येथे तसा अखंड मार्ग कोणत्याही क्षणी नसेलही. अक्कलकोटला निघालेल्या ओळखीच्या माणसाजवळ निरोप द्यावा, तसा संदेश नोडने (जाळ्यातील उपकरणाने) जवळ बाळगायचा, सोबत वाहून न्यायचा आणि योग्य भेट झाली की पुढे द्यायचा. भेटलेल्या नोडला प्रत द्यावी की नाही, एवढाच निर्णय हाती असतो. वाहदत आणि बेकर यांनी 2000 मध्ये मांडलेल्या ‘एपिडेमिक’ पद्धतीत भेटेल त्याला प्रत दिली जाते. त्यामुळे संदेश पोचण्याची शक्यता वाढते, पण साठवणीची जागा आणि बॅटरी यांवर मोठा ताण येतो. 2005 च्या ‘स्प्रे अँड वेट’ने प्रतींना आधीच मर्यादा घातली, तर ‘प्रॉफेट’ मागच्या भेटींवरून पुढच्या भेटीची शक्यता अजमावते. यांपैकी एकीतही आधी मार्ग आखला जात नाही, म्हणून मी ‘संदेश-सोपवणी’ सुचवेन.

प्रश्नकर्ता : अंतराळयानांचे काय? कक्षा ठाऊक असल्याने कोणते यान कोणाशी कधी जोडले जाईल, याचे वेळापत्रक तेथे आधीच तयार असते.

उत्तर : तेथे ‘कॉन्टॅक्ट ग्राफ राउटिंग’ त्या वेळापत्रकावरून खरोखरच मार्ग आखते, तेव्हा ‘मार्गनिर्धारण’ अवश्य ठेवावे. शेजारच्या कर्नाटकात ‘डाकनेट’ने बसवर वाय-फाय उपकरण बसवून गावांचे संदेश नेले, तो प्रकार या दोहोंच्या मधला म्हणावा लागेल, कारण बसला वेळापत्रक असते, ते किती पाळले जाते, हा निराळा विषय.

अशा जाळ्यात संदेश ज्या रूपात बांधून पाठवतात, त्या ‘बंडल’ला ‘गठ्ठा’ पुरे. ‘कस्टडी’ला, म्हणजे गठ्ठा पुढे पोचवण्याची जबाबदारी नोडने घेण्याला, ‘ताबा’ म्हणावे, मात्र ताबा-हस्तांतराची सोय 2007 च्या बंडल प्रोटोकॉलमध्ये (गठ्ठे पाठवण्याच्या नियमावलीत) होती आणि 2022 च्या सातव्या आवृत्तीच्या मूळ नियमावलीतून ती वगळली आहे, एवढी नोंद टिपणात करावी.