कमी शब्द म्हणजे नेमकं बोलणं का?

त्रिमूर्तीनगरकर: आमच्या अपार्टमेंटचा सचिव मी. जुन्या सूचना ‘सर्व सभासदांना कळविण्यात येते की’पासून सुरू व्हायच्या, पाणी कधी जाणार ते नवव्या ओळीत सापडायचं. मी सगळं छाटलं. परवा फळ्यावर एवढंच लिहिलं : ‘उद्या पाणी बंद.’ लांबण लावणारा माणूस दुसऱ्याचा वेळ खातो, हे माझं स्पष्ट मत. आपल्या कहाण्या बघा, साठा उत्तरांची पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण!

महालची मास्तरीण: गीतेचे श्लोक ७००, ज्ञानेश्वरीच्या ओव्या नऊ हजारांच्या घरात. माउलींनी पाल्हाळ लावलं म्हणाल का? संस्कृत न येणाऱ्याला ते श्लोक म्हणजे कुलूपबंद पेटी. ती उघडायला दृष्टांत लागतात.

इतवारीवाला: ताई, पण त्याच ज्ञानेश्वरीत बोलणं कसं असावं तर ‘मितुले आणि रसाळ’!

महालची मास्तरीण: मित म्हणजे मोजलेलं, भाऊ. कमी नव्हे. भाजीत मीठ मोजून घालतो, म्हणजे अळणी करतो का?

जुना तारवाला: मी सचिवांच्या बाजूनं. तारेला शब्दावर पैसे पडत. ‘फादर सिरियस, स्टार्ट इमिजिएटली.’ आजोबांची ही तार मिळाली अन् माझे वडील अर्ध्या तासात स्टेशनवर होते. २०१३च्या जुलैत तार बंद झाली, तेव्हा मला खरंच वाईट वाटलं.

सक्करदऱ्याची: काका, तार निघायला सांगते, तिथं चार शब्द पुरतात. मागच्या वर्षी बाबा आयसीयूत होते. रात्री अकराला डॉक्टर बाहेर आले, ‘स्टेबल आहेत’ म्हणाले अन् गेले. आई पहाटेपर्यंत मला विचारून राहिली होती, ‘म्हणजे बरे होऊन राहिले, का तसेच आहेत?’ मी काय सांगणार? सकाळी सिस्टर म्हणाली, ‘बीपीचं औषध कमी केलं, तरी बीपी टिकून आहे.’ एकच वाक्य. आई तिथंच बाकावर झोपली.

इतवारीवाला: हे पटलं.

तिसरा माळा: सचिवसाहेब, मी तुमच्याच बिल्डिंगमधली. फळ्यावर तारीख नव्हती. शेजारच्या आजींनी सूचना वाचली मंगळवारी, नळ गेल्यावर. त्यांना वाटलं, पाणी बुधवारी जाणार. दिवसभर त्या माठातल्या पाण्यावर राहिल्या.

त्रिमूर्तीनगरकर: चूक माझी. आजींना भेटून आलो. ‘कळविण्यात येते की’ मात्र परत आणणार नाही. आज फळ्यावर लिहिलंय : ‘गुरुवारी सकाळी १० ते दुपारी ४ पाणी येणार नाही. बुधवारी रात्री भरून ठेवा. ज्यांना बादली उचलत नाही त्यांनी मला हाक मारावी.’